रद्द झालेला भूगोलाचा पेपर आणि पुस्तकामागची भांडणं

आजचा भाग कानात हेडफोन घालून ऐकलात तर उत्तम, वाचत असाल तरी हरकत नाही. विषय शाळेतला आहे, पण घाबरू नका, शेवटी प्रश्नपत्रिका नाही.

मार्च २०२० आठवतोय? दहावीची बोर्डाची परीक्षा जवळजवळ संपत आली होती. एकच पेपर उरला होता, २३ मार्चचा. भूगोल, ४० गुणांचा. कोरोनामुळे तो आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये थेट रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या गुणांवरून सरासरी काढून भूगोलाचे गुण दिले गेले. १७ लाखांच्या आसपास मुलं होती त्या वर्षी. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी ब्राझीलच्या नद्या आणि ब्राझीलची पठारं तोंडपाठ केली होती, ती सगळी तशीच डोक्यात राहिली. मीम्सचा तर पाऊस पडला.

त्या विनोदात एक गोष्ट मात्र लपलेली होती. पेपर रद्द झाला आणि कुणाचं काही अडलं नाही. गणिताचा पेपर रद्द झाला असता तर एवढं हसू आलं असतं का? भूगोल म्हणजे पाठ करायचा, लिहायचा आणि विसरायचा विषय, हे आपण सगळ्यांनी मनोमन मान्य केलंय.

आज मला नेमकं याच समजुतीबद्दल बोलायचंय. आठवी ते दहावीच्या भूगोलात आपण जे एका ओळीत शिकतो, त्यातल्या बहुतेक ओळींवर कधीतरी कडाक्याचं भांडण झालेलं आहे. पुस्तकात त्या भांडणाचं उत्तर तेवढं उरलं आणि प्रश्न गळून गेला. प्रश्न विसरला की काय होतं, याची किंमत आपल्याच महाराष्ट्राने दोनदा मोजली आहे. तिथपर्यंत जाऊच. आधी आठवीपासून सुरुवात करू.

मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं मागे

आठवीच्या पुस्तकात धडा आहे, ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’. एक अंश रेखावृत्त म्हणजे चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व या रेखावृत्तावरून ठरते, जे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. झालं, गणित सोडवा, गुण घ्या.

आता हेच गणित मुंबईसाठी करून बघा. मुंबई साधारण ७२ अंश ५० मिनिटांवर आहे. फरक ९ अंश ४० मिनिटांचा. गुणिले चार, म्हणजे सुमारे ३९ मिनिटं. मिर्झापूरला सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा मुंबईत त्याला अजून ३९ मिनिटं लागायची असतात.

एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मोठ्या शहराची आपापली वेळ होती. मुंबईची वेगळी, कलकत्त्याची वेगळी, मद्रासची वेगळी. रेल्वे आली आणि या कारभाराने गोंधळ व्हायला लागला. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली आणि ग्रिनिच हे शून्य रेखावृत्त ठरलं. ग्रिनिचच का? पृथ्वीवर तिथे काही खास खूण नाही. विषुववृत्त निसर्गाने ठरवलंय, शून्य रेखावृत्त माणसांनी ठरवलंय. त्या काळी जगातली बहुतेक जहाजं ब्रिटिश नकाशे वापरत होती, हे त्यामागचं साधं कारण. फ्रान्सला ते पचलं नाही. त्यांनी पुढे १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ धरून ठेवली.

आपल्याकडे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईत काय झालं माहितीये? गिरणी कामगार चिडले. घड्याळ ३९ मिनिटं पुढे गेलं, पाळीची वेळ घड्याळावर तीच राहिली, म्हणजे माणसाला सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी, अंधारात घराबाहेर पडावं लागणार. त्याच महिन्यात मुंबईत कामगारांनी काम थांबवलं, गिरणीवर दगड मारले. बंगालच्या फाळणीला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते, सरकारवर राग होताच. शहराच्या महापालिकेनेही जुन्या ‘मुंबई टाइम’चीच बाजू घेतली. तो पूर्णपणे मोडीत निघायला १९५० चं दशक उजाडलं.

म्हणजे आपण ज्याला दोन गुणांचं गणित समजतो, त्यासाठी या शहरात दगड उडाले होते.

नववीतल्या ‘आंतरराष्ट्रीय वाररेषे’चंही तसंच. ही रेषा सरळ का नाही, असा प्रश्न हमखास येतो. उत्तरात आपण लिहितो, बेटांवर वार बदलू नये म्हणून ती वळवली आहे. पण कुणाच्या सोयीसाठी? सामोआचं उदाहरण घ्या. १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार सोपा व्हावा म्हणून त्यांनी वार बदलला आणि त्या वर्षी ४ जुलै हा दिवस दोनदा आला. २०११ मध्ये व्यापार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी वाढलेला होता, म्हणून ते परत उलट्या बाजूला गेले. त्या वर्षी सामोआत ३० डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही. २९ ला झोपले, उठले ते ३१ तारखेला. बेटं होती तिथेच होती. बाजार हलला, म्हणून रेषा हलली.

हिंगणघाटची एक कबर

आठवीतच ‘नकाशाप्रमाण’ असतं. एक सेंटिमीटर बरोबर इतके किलोमीटर. पण पहिल्यांदा ते किलोमीटर मोजले कुणी?

१८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ साखळीने एक पायारेषा मोजली. तिथून पुढे त्रिकोणावर त्रिकोण रचत, टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर सुमारे अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट यंत्र चढवत हे काम उत्तरेकडे सरकत राहिलं. शाळेत आपण शिकतो ना, त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की बाकीच्या बाजू काढता येतात? तेवढ्याच भांडवलावर अख्खा देश मोजला गेला. लॅम्बटन हे काम करता करताच १८२३ मध्ये वारला. कुठे? आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे.

त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं. १८५२ मध्ये राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून दिसलं की ‘शिखर क्रमांक १५’ हे जगातलं सगळ्यात उंच शिखर आहे. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली, २९,००२ फूट. नाव कुणाचं लागलं, ते सांगायची गरज नाही.

हे सगळं ज्ञानासाठी होतं का? थोडंफार होतं. पण कंपनी सरकारला सारा वसूल करायचा होता, फौजा हलवायच्या होत्या, रस्ते काढायचे होते. नकाशा हे राज्य करायचं हत्यार होतं. शाळेतला भूगोलही त्याच वाटेने आला. इंग्लंडमध्ये हॅलफर्ड मॅकिंडर हा भूगोलाला शाळा-कॉलेजांत मानाचं स्थान मिळवून देणारा मोठा माणूस. १९१० मध्ये त्याचं भारतावरच्या आठ व्याख्यानांचं पुस्तक आलं. वर्गात पडद्यावर चित्रं दाखवत मुलांना साम्राज्य समजावून सांगायचं, ही त्यामागची सरकारी योजना होती. इंग्लंडमधल्या मुलांनी आपलं साम्राज्य ‘बघावं’, म्हणून एका चित्रकाराला खास फिरायला पाठवलं होतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे भांडण आणखी मुळातलं होतं. १८३० च्या दशकात भोपाळजवळ सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याच्या पाठशाळेतल्या सुबाजी बापूंनी मराठीत पुस्तक लिहिलं, ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’. प्रश्न असा होता की पुराणांतली सप्तद्वीपांची, मध्ये मेरू पर्वत असलेली पृथ्वी खरी, की ज्योतिषांची गोल पृथ्वी खरी? सुबाजी बापूंनी बाजू घेतली गोल पृथ्वीची, आणि पाया घेतला भास्कराचार्यांचा. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’मध्ये ‘गोलाध्याय’ नावाचा अख्खा भाग आहे. पुण्याच्या पंडितांमध्ये यावरून वाद रंगला. गंमत बघा, आपण विषयाला जे नाव दिलंय, ‘भूगोल’, त्या नावातच त्या वादाचा निकाल आहे. भू गोल आहे.

ब्राझील एवढंसं का दिसतं?

आता दहावी. २०१८ पासून दहावी केलेल्या तुमच्यापैकी अनेकांना प्रश्न पडला असेल की दहावीच्या पुस्तकात ब्राझील आलं कुठून? पानोपानी भारत आणि ब्राझील, भारत आणि ब्राझील. लोकसंख्या, वस्ती, शेती, पर्यटन, सगळ्यात तुलना.

जरा फोन काढा आणि नकाशाचं अ‍ॅप उघडा. पूर्ण जग दिसेल एवढं छोटं करा. बहुतेक फोनवर ग्रीनलंड प्रचंड मोठं दिसेल आणि ब्राझील त्यापुढे लहान वाटेल. प्रत्यक्षात ब्राझील सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि ग्रीनलंड २२ लाखांच्या आत. ब्राझील जवळजवळ चौपट! आपला भारतसुद्धा ग्रीनलंडपेक्षा दीडपट मोठा आहे.

ही फसवणूक नाही. १५६९ मध्ये मर्केटरने हा नकाशा खलाशांसाठी बनवला. यावर सरळ रेघ मारली की होकायंत्राची दिशा तीच राहते, जहाज चुकत नाही. त्या बदल्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. खलाशाला ते चालत होतं, त्याला क्षेत्रफळ नको होतं, दिशा हवी होती. साडेचारशे वर्षांनी तोच साचा आपल्या खिशात आला, कारण गल्लीबोळ दाखवताना कोन आणि आकार न बिघडणं सोयीचं पडतं. पण जगाचं चित्र म्हणून तो पाहिला की उष्ण कटिबंधातले देश नकळत बारीक वाटायला लागतात.

आणि भारत-ब्राझील नातं पुस्तकापेक्षा बरंच जुनं आहे. मध्य भारतातल्या गोंड प्रदेशावरून तिथल्या खडकांना ‘गोंडवना’ हे नाव पडलं आणि तेच पुढे एका प्राचीन महाखंडाला मिळालं, गोंडवानालँड. भारत, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळे तेव्हा एकाला एक चिकटलेले होते. आपल्या चंद्रपूरकडचा कोळसा त्याच काळातल्या जंगलांचा. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीचे जीवाश्म भारतात सापडतात आणि ब्राझीलमध्येही. आपली दख्खनची काळी कातळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. ब्राझीलच्या दक्षिणेलाही तसंच लाव्हाचं पठार आहे, त्याहून दुप्पट जुनं. तिथे त्याच्यावरच्या लाल मातीत कॉफी पिकली, इथे काळ्या मातीत कापूस.

पण खंड सरकतात, हे मानायला जग तयार नव्हतं. १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनरने ते मांडलं. तो हवामानशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञ नव्हे. खंड सरकवणारी ताकद कोणती, हे त्याला सांगता येईना, म्हणून मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्याला उडवून लावलं. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात मोहिमेवर असतानाच वारला. पुढे १९५० च्या दशकात मेरी थार्प नावाच्या अमेरिकन संशोधिकेने समुद्रतळाच्या खोलीच्या नोंदींवरून नकाशा काढला. अटलांटिकच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेत तिला एक खोल दरी दिसली, म्हणजे तळ तिथे फाटत होता. सुरुवातीला तिच्या सहकाऱ्याने ते मानलं नाही. बाई असल्यामुळे तिला कित्येक वर्षं संशोधन जहाजावर जाऊही दिलं नव्हतं! १९६० च्या दशकाच्या शेवटी भूपट्ट सिद्धांत मान्य झाला. म्हणजे तुमचे आजी-आजोबा साठच्या दशकाआधी शाळेतून बाहेर पडले असतील, तर त्यांच्या भूगोलात सरकणारे भूपट्ट असणं शक्यच नव्हतं. सिद्धांतच पूर्ण झाला नव्हता.

स्थिर पठार

आता त्या किमतीकडे येतो.

१९६७ चा जानेवारी. पुण्यात ‘बालभारती’ची स्थापना झाली. महाराष्ट्रातल्या मुलांनी काय शिकायचं, ते आता राज्याची स्वतःची संस्था छापणार होती. त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगर हादरलं. साडेसहाच्या जवळपास तीव्रता. सुमारे १८० माणसं गेली, हजारो घरं पडली.

तोवरची सर्वमान्य समजूत अशी होती की हिमालय तरुण आहे, तिथे भूकंप होतात, दक्षिणेचं द्वीपकल्प जुनं आणि स्थिर आहे. समजूत निव्वळ खोटी नव्हती. हिमालयाच्या मानाने इथे धक्के कमीच बसतात. पण ‘कमी’ आणि ‘कधीच नाही’ यात फरक असतो, आणि पाठांतरात नेमका तोच फरक पुसला जातो. कोयनेत आणखी एक नवीनच प्रश्न उभा राहिला. धरणाचा जलाशय १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भरायला लागला, आणि त्यानंतर परिसरात धक्के वाढले. मोठ्या जलाशयाचं पाणी खालच्या खडकांतल्या भेगांवरचा दाब बदलून भूकंप घडवू शकतं का? जगभरातले शास्त्रज्ञ आज हा प्रश्न शिकवताना कोयनेचं उदाहरण देतात. गोठणे गावाजवळ जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास झालाय. साधारण सव्वा किलोमीटर बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक.

कोयनेनंतर धडा घेतला गेला असेल, असं वाटतं ना? ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना लातूर-उस्मानाबादचा भाग हादरला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. जवळपास दहा हजार लोक मेले. तीव्रता कोयनेपेक्षा जास्त नव्हती. मारलं ते घरांनी. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारं तेच घर झोपेत अंगावर आलं.

आणि भूकंपाच्या सरकारी नकाशावर हा भाग होता सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात, ‘झोन एक’मध्ये. १९९२ मध्ये तिथे लहान धक्के जाणवले होते. पण नकाशा सांगत होता, इथे काळजी नाही. पुढे २००२ मध्ये बांधकामाच्या मानकात सुधारणा झाली तेव्हा ‘झोन एक’ हा प्रकारच काढून टाकला गेला. आता सर्वांत कमी धोक्याचं क्षेत्रही ‘दोन’पासून सुरू होतं. धोका शून्य असलेली जागा नकाशावरून गेली. मोठी दुरुस्ती आहे ती, फक्त फार उशिरा आली.

नकाशा म्हणजे ‘आत्तापर्यंत आपल्याला कळलेलं’. तो शेवटचा शब्द कधीच नसतो. कोणत्या वर्षी काढला, कोणत्या माहितीवर, कुणासाठी, हे प्रश्न सोडून तो पाठ केला की तो दिलासा देतो. आणि खोट्या दिलाशाखाली माणसं झोपतात.

मग शिकायचं काय?

मी असं म्हणत नाही की पुस्तक फेकून द्या. उलट, आपल्या राज्याच्या पुस्तकात एक फार चांगली गोष्ट आहे. दहावीचा पहिलाच धडा आहे ‘क्षेत्रभेट’. आठवीतही आहे. बाहेर जा, बघा, विचारा, नोंद करा, अहवाल लिहा. अख्ख्या विषयाची किल्ली तिथे दिलेली आहे. आणि आपण काय करतो? क्षेत्रभेटीची प्रश्नावली कशी तयार कराल, याचं उत्तर गाइडमधून पाठ करतो. वर्गात बसून क्षेत्रभेट!

जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली. भूस्खलनाची व्याख्या राज्यातल्या लाखो मुलांनी लिहिलेली असते. उतार, पाणी, सुटी झालेली माती, तीन मुद्दे, तीन गुण. पण आपल्या गावामागच्या डोंगराला पावसाळ्यात भेग पडलीये का, झाडं तिरकी झालीत का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय का, हे बघायला कुणी शिकवलं? व्याख्या तीच आहे. फक्त ती पुस्तकातून उचलून डोंगरावर लावून बघायची असते.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. आपलं गाव किंवा शहर भूकंपाच्या कोणत्या क्षेत्रात आहे, ते शोधा. आपल्या घराच्या जवळचा ओढा किंवा नाला कुठून येतो आणि कुठे जातो, ते नकाशावर बोट ठेवून बघा. कुठे तो बुजवून इमारत उभी राहिली असेल, तर जोराच्या पावसात पाणी कुठे साचणार, त्याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा, १९६७ किंवा १९९३ च्या त्या पहाटे तुम्ही कुठे होतात? महाराष्ट्रात या प्रश्नाला उत्तर देणारी माणसं घराघरांत आहेत.

२०२० चा तो पेपर रद्द झाला तो झालाच, ते ४० गुण सरासरीने मिळून गेले. पण ज्या जमिनीवर आपण राहतो, तिच्या बाबतीत सरासरीने पास होता येत नाही.

चला, आज इथेच थांबू. तुमच्या घरातल्या कुणी कोयना किंवा किल्लारीची आठवण सांगितली, तर ती फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ती जपून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.